दोघी जावांचं घर

घरताईने बाकाशेजारची खुर्ची उचलली आणि थेट मोठ्या साहेबांच्या दारात नेऊन मांडली. आता आत जाणाऱ्याला तिला वळसा घालून जावं लागणार होतं आणि बाहेर येणाऱ्यालाही. ती खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"बाई, इथे नाही बसता येणार," शिपाई म्हणाला.

"मग आत बसते."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"मीटिंग संपली की बाहेर येतील ना? याच दाराने येतील. दुसरं दार असेल तर सांगा, तिथे खुर्ची नेते."

शिपायाला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. गेले कितीतरी आठवडे ही बाई अशीच येत होती. आवाज चढवायची नाही, रडगाणं गायची नाही, नुसती खनपटीला बसायची. त्याने दार किलकिलं करून आत डोकं घातलं, काहीतरी पुटपुटला आणि बाहेर येऊन म्हणाला, "जा. पण थोडक्यात आटपा."

भाडेकरू मदत केंद्रातलं तिच्या हुद्द्याचं नाव इतकं लांबलचक होतं, की फोनवर सांगताना तिचीच जीभ अडखळायची. लोकांनी तिला घरताई करून टाकलं होतं. ज्यांची मिळकत तुटपुंजी, ज्यांना घरमालक दारात उभं करत नाहीत, अशा माणसांना भाड्याचं घर शोधून द्यायचं, सरकारी अनुदान मंजूर करून आणायचं आणि एकदा मिळालेलं घर हातचं जाऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. नवरा म्हणायचा, "अख्ख्या गावाला घर देतेस आणि स्वतःच्या घरी पाहुण्यासारखी येतेस." ती म्हणायची, "पाहुणी आहे ना, मग चहा टाक."

आत्ता ती आली होती ती दोन जावांसाठी.

थोरली आणि धाकटी. त्यांच्या इमारतीतले शेजारी तेवढंच म्हणायचे आणि घरताईच्या तोंडीही तेच बसलं होतं. सख्ख्या भावांच्या बायका. दोघींचे नवरे कधीच गेलेले, मूलबाळ कुणालाच नाही. एका खोलीत राहायच्या, एका चुलीवरचं खायच्या आणि एका मशीनवर शिवणकाम करून पोट भरायच्या. थोरली कॉलर शिवायची, धाकटी काजं-बटणं करायची. मग इमारतीच्या जिन्याला तडा गेला आणि घरं खाली करायची नोटीस आली. बाकीचे भाडेकरू कुणी लेकाकडे, कुणी पुतण्याकडे निघून गेले. या दोघींना जायला कुणी नव्हतं.

घरताई पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली तेव्हा थोरलीने सगळं सांगितलं. बोलताना तिचा हात मशीनवरून हलत नव्हता. धाकटी भिंतीला टेकून बटणं निवडत होती.

"तुम्हाला काय काय त्रास आहे, धाकट्या काकू? दमा वगैरे?" घरताईने विचारलं होतं.

"तिला खोकला आहे," थोरली म्हणाली. "गारठ्यात वाढतो."

"जिने चढवतात?"

"तिला चढवतात. माझेच गुडघे गेलेत."

"चहा घेणार ना?"

"तिला अर्धाच कप."

धाकटी हसून मान हलवायची. घरताईला ते फार गोड वाटलं होतं. इतक्या वर्षांत एकीच्या मनातलं दुसरीच्या ओठावर यायला लागलं होतं, असं तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलंही.

अडचण नियमाची होती. अनुदानाचं घर कुटुंबाला मिळायचं आणि कुटुंब म्हणजे नवरा-बायको, आईबाप आणि मुलं, किंवा भावंडं. जावा त्यात कुठेच बसत नव्हत्या. केंद्रातल्या साहेबांनी तोडगा काढला होता: दोघींना एकेकटीसाठीच्या दोन खोल्या द्यायच्या. एक शहराच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला.

"एकाच्या जागी दोन घरं मिळतायत," साहेब म्हणाले होते. "आता तक्रार कसली?"

घरताईला तिचा धाकटा भाऊ आठवला. ती लहान असताना त्यांचं भाड्याचं घर गेलं होतं. आईबापांनी तात्पुरती सोय म्हणून तिला मामाकडे ठेवलं आणि धाकट्या भावाला आत्याकडे. पुन्हा सगळे एकत्र आले तोवर भाऊ तिला अहो-जाहो करायला लागला होता. आत्याच्या घरात मोठ्यांना तसंच हाक मारायची पद्धत होती, एवढंच. पण ते "अहो ताई" तिला अजून टोचत असे. घर मोडू द्यायचं नाही, हे तिने या नोकरीत शिरताना कुणाला सांगितलं नव्हतं. मनाशी मात्र पक्कं केलं होतं.

घरताई आत शिरताच मोठ्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पुन्हा तुम्ही."

"पुन्हा मीच, साहेब."

"अहो, मी तुम्हाला सांगितलं ना. जावा म्हणजे काही रक्ताचं नातं नव्हे."

"नवरा-बायकोत तरी रक्ताचं नातं कुठे असतं, साहेब?"

मोठे साहेब खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. माणूस वाईट नव्हता. आज यांना दिलं तर उद्या कोण कुणाला घेऊन येईल, ही त्यांची भीती होती आणि ती त्यांनी बोलूनही दाखवली.

"येऊ देत ना," घरताई म्हणाली. "एकमेकांच्या आधाराने राहणारी माणसं आली तर आपलं काय बिघडलं? आजारपणात एकमेकींना दवाखान्यात यांनीच नेलं. एकीचं शिवण अडलं तर दुसरीने रात्र जागवली. याला तुमच्या कागदावर काय म्हणतात ते मला माहीत नाही. आमच्यात याला घरच म्हणतात."

"तुमची बदली कुठे लांब करता येते का ते बघायला हवं," मोठे साहेब म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांनी फाईल पुढे ओढली.

त्या दिवशी सही झाली नाही. पुढच्या आठवड्यात झाली. एकत्र राहणाऱ्या दोघींना कुटुंब धरावं, असा लेखी आदेश हातात पडला तेव्हा घरताई जिन्यातच थांबली, आदेश दोनदा वाचला आणि शिपायाला हाक मारून तिने त्याला चहा पाजला.

मग घराचा शोध. तळमजला हवा, दवाखाना जवळ हवा आणि मुख्य म्हणजे अनुदानवाले भाडेकरू म्हटल्यावर नाक न मुरडणारा मालक हवा. तिने फोन करून करून कानाला घट्टे पाडून घेतले. शेवटी औषधांच्या दुकानदाराचं एक घर निघालं. तोही आधी कां-कूं करत होता.

"दोघी म्हाताऱ्या. उद्या काही बरंवाईट झालं तर निस्तरायचं कुणी?"

"मी," घरताई म्हणाली. "हा माझा नंबर. कधीही लावा. आणि काका, तुमच्या दुकानावर येणारं निम्मं गिऱ्हाईक म्हातारंच असतं ना? त्यांना औषध चालतं, मग घर का नाही?"

दुकानदार डोकं खाजवत हसला. घर पक्कं झालं.

दोघींना घर दाखवायला नेलं तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. थोरली काठी टेकत आधी शिरली. एक ऐसपैस खोली, पुढे स्वयंपाकघर, गल्लीकडे मोठी खिडकी. तिने ओट्यावर तळवा फिरवला, कपाट उघडून आत वाकून पाहिलं आणि लगेच जागा वाटून टाकल्या.

"मशीन खिडकीशी. उजेड चांगलाय. माझी खाट इकडे, तुझी तिथे, माझ्यासमोर. म्हणजे रात्री खोकलीस तर मला कळेल."

धाकटीने मान हलवली.

"आवडलं ना गं?"

"छान आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीने घरताईचे दोन्ही हात हातात घेतले. तिची बोटं सुयांनी खरबरीत झालेली होती. "ताई, तुम्ही नसता तर आम्हाला दोन दिशांना फेकलं असतं हो," असं म्हणताना तिचा आवाज फाटला आणि तिने तो खाकरून सारखा केला. घरताईचे डोळे भरून आले. गेल्या काही महिन्यांची धावपळ त्या एका वाक्यात वसूल झाली, असं तिला वाटलं.

आता एकच सोपस्कार उरला होता. आधी देऊ केलेली एकटीची खोली जागेवर जाऊन बघायची आणि 'नको' म्हणून तिथेच सही द्यायची. त्याशिवाय नव्या घराचा ताबा मिळत नव्हता. दुसऱ्या टोकाची खोली थोरलीच्या नावावर होती. ती त्यांनी कालच बघून नाकारली होती. आज धाकटीच्या नावावरची. औषधवाल्याच्या घरापासून बसने फार लांब नव्हती.

ते बायकांसाठीचं वसतिगृहासारखं निवासस्थान होतं. खाली अंगणात एक बाक, वर जाळीचे सज्जे आणि सज्ज्यांत वाळत घातलेले कपडे. धाकटीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. थोरलीने जिना बघितला आणि बाकावर बैठक मारली.

"मी नाही येत. नाहीतरी नकोच म्हणायचंय. जा, सही करून या पटकन."

देखरेख करणाऱ्या बाईंनी किल्ली दिली. घरताई आणि धाकटी वर गेल्या.

खोली म्हणजे खोलीच होती. एक खाट, टेबल-खुर्ची, भिंतीत कपाट, कोपऱ्यात छोटं सिंक आणि एक खिडकी. खिडकीतून मागच्या शाळेचं मैदान दिसत होतं. घरताईने दारातूनच नजर फिरवली आणि पिशवीतून कागद काढला. पेन शोधायला ती मान खाली घालते आहे तोच धाकटी आत गेली आणि तिने दार लोटलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

घरताई बाहेर उभी राहिली. आधी तिला वाटलं, काकूंना साडी सारखी करायची असेल. मग वाटलं, चक्कर आली की काय. तिने दारावर टकटक करायला हात उचलला. तेवढ्यात आतून खिडकीची झडप उघडल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. मग काहीच नाही. कुणी रडत नव्हतं, खोकतही नव्हतं. मैदानावरच्या पोरींचा गलका तेवढा दाराखालून येत होता. घरताईने हात खाली घेतला.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. धाकटी दारात उभी होती. चेहरा नेहमीसारखाच, हसरा. पण मान हलत नव्हती.

"आण, कुठे सही करू?"

ती पहिल्यांदाच घरताईशी एकेरीत बोलली होती आणि तिच्या ते लक्षातही आलं नसावं. घरताईच्या हातात पेन होतं. तिने ते पुढे केलं नाही.

"काकू, आत काय करत होतात?"

"काही नाही. बसले होते." धाकटीने जरा विचार केला. "खरंच, काही नाही. नुसती बसले होते."

"तुम्हाला ही खोली..."

"सही कुठे करायची ते सांगा. जाऊबाई खाली खोळंबल्यात."

घरताईने कागदाची घडी घातली. तिला एकाएकी आठवायला लागलं, की या बाईशी आपण आजवर कितीदा बोललो. आठवून आठवून एक अर्धा कप चहा आणि एक 'छान आहे' एवढंच सापडलं. प्रत्येक प्रश्न तिने विचारला होता आणि प्रत्येक उत्तर दुसऱ्याच तोंडातून घेतलं होतं. मोठ्या साहेबांच्या दारात खुर्ची टाकली. इथे, या बाईसमोर, साधा पाट टाकून बसायचं राहिलं.

"काकू, मी तुम्हाला एक विचारते. तुम्हीच सांगायचं. तुम्हाला कुठे राहायचंय?"

धाकटी कठड्याशी गेली. खाली अंगणात थोरलीच्या पांढऱ्या केसांचा अंबाडा दिसत होता.

"तिला फार लागेल हो," ती हळूच म्हणाली.

"ते मी विचारलं नाही."

धाकटीने कठडा धरला.

"इथे," ती म्हणाली. मग जणू ऐकू गेलं नसेल अशा भीतीने पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाली, "मला इथे राहायचंय. तुम्ही सांगाल तिला?"

"नाही," घरताई म्हणाली. "तुम्ही सांगा. मी शेजारी उभी राहते. हलणार नाही."

थोरलीने त्यांना येताना पाहिलं आणि ती उठायला लागली. "झाली सही?"

"जाऊबाई, बसा जरा," धाकटी म्हणाली.

तिने सांगितलं. दोनच वाक्यं होती; तीही तिने बटण लावावं तशी सावकाश, एकेक टाका नीट घेत सांगितली. थोरली आधी हसली, मग घरताईकडे बघू लागली, मग पुन्हा धाकटीकडे.

"मी काय कमी केलं तुला?"

"काही कमी नाही केलं."

"मग?"

"काहीच कमी नव्हतं, जाऊबाई. जरा जास्तच होतं."

थोरलीने तोंड फिरवलं. धाकटी म्हणाली, "खिडकी उघडी राहिली वाटतं वरची," आणि जिन्याकडे गेली. तिच्या पावलांचा आवाज पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू आला, मग विरला.

"तुम्ही भरवलंत हे तिच्या डोक्यात?" थोरलीने विचारलं.

"नाही हो. तुम्ही एकत्र राहावं म्हणूनच तर मी भांडत होते."

"मग भांडा की."

"आता कुणाशी भांडू, काकू?"

थोरलीने काठीच्या टोकाने फरशीच्या फटीतली माती उकरली. मग ती बोलायला लागली तेव्हा तिच्या आवाजातला दरारा उतरला होता.

"धाकटे भाऊजी गेले तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ही पोर जेवायची नाही, बोलायची नाही. एकदा गच्चीवर सापडली. कठड्याला टेकून खाली बघत उभी. मी हाताला धरून आणली आणि त्या रात्रीपासून माझं अंथरूण तिच्या अंथरुणाला लावलं. न्हाणीघरात गेली तरी बाहेर उभी राहायची मी. हाका मारत राहायची." ती थांबली. "मग सवयच झाली. ती बरी झाली कधी, ते माझ्या लक्षातच नाही आलं."

घरताई तिच्या शेजारी बसली. तिला सुचलं ते कामाचं होतं आणि तिने तेच बोलायचं ठरवलं.

"औषधवाल्यांचं घर दोघींच्या नावावर आहे. ते आता नाही मिळायचं. ते मी दुसऱ्या कुणाला तरी देईन, आमच्या दारात अशी माणसं पुष्कळ आहेत. तुमच्यासाठी नव्याने बघावं लागेल. तळमजल्यावरचं, आणि याच बसच्या वाटेवरचं. म्हणजे जाणं-येणं राहील."

"मिळेल?"

"शोधते ना."

"नुसतं शोधू नका," थोरली म्हणाली. "मिळवा."

"मिळवते."

थोरलीने तिच्याकडे रोखून पाहिलं, जणू शिवायला आलेलं कापड कितपत टिकेल ते बघत असावी. मग काठी रोवून ती उभी राहिली आणि जिन्याकडे निघाली.

"काकू, दोन मजले आहेत. गुडघे..."

"माझे गुडघे मला माहीत आहेत."

एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढली. मधल्या वळणावर धापा टाकत थांबली, घरताईचा हात झटकला आणि मग स्वतःच धरला. वरून एक मुलगी उतरत होती, तिने भिंतीला चिकटून वाट दिली. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत थोरलीच्या कपाळावर घाम जमला होता. तिने पदराने तो टिपला, केस सारखे केले आणि घरताईने दाखवलेल्या दारासमोर उभी राहिली.

दार लावलेलं होतं. थोरलीने सवयीने ते ढकलायला पंजा टेकला. तो तिथेच राहिला. मग तिने हात मागे घेतला, मूठ वळली आणि दारावर दोनदा हलकेच वाजवलं.

"मी आहे गं," ती म्हणाली. "आत येऊ का?"

आतून उत्तर यायला थोडा वेळ लागला. थोरली दाराबाहेर थांबून राहिली.